लॅपटॉपवर थांबणारी लिनक्सची प्रस्थापना : दोषनिवारणाचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : लिनक्स, लॅपटॉप, बायोस, एसीपीआय, बूट पॅरामीटर, मुक्त सॉफ्टवेअर, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरून पाहण्याची इच्छा धरणाऱ्या अनेकांना एक अनुभव आलेला असतो. लॅपटॉपमध्ये लिनक्सची सीडी किंवा पेन ड्राइव्ह घालून यंत्र सुरू केले जाते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतील ओळी भराभर सरकू लागतात आणि एका ओळीपाशी सारे थांबते. कळफलक दाद देत नाही, माऊस हलत नाही आणि अखेरीस बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागते. बोलीभाषेत यालाच 'लॅपटॉप हँग झाला' असे म्हणतात. तीच सीडी शेजारच्या मेजावरील संगणकावर विनातक्रार चालते आणि त्याच लॅपटॉपवर विंडोज ही प्रणालीही विनातक्रार चालते. साहजिकच वापरकर्ता दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर लिनक्स सदोष आहे, किंवा आपल्याला संगणकाचे पुरेसे ज्ञान नाही.

हे दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. लॅपटॉपवर लिनक्सची प्रस्थापना ज्या ठिकाणी थांबते, ते ठिकाण बहुतेक वेळा यंत्र बनविणारा आणि कार्यप्रणाली लिहिणारा यांच्यातील एखाद्या न सांगितलेल्या गोष्टीचे ठिकाण असते. यंत्र कसे चालते याची माहिती कोणाकडे होती, ती कोणाला दिली गेली आणि कोणाला दिली गेली नाही, हा प्रश्न तेथे उघडा पडतो. तांत्रिक वाटणारी ही अडचण म्हणूनच ज्ञानाच्या मालकीच्या इतिहासाचा एक भाग ठरते. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लॅपटॉपवर लिनक्सची प्रस्थापना थांबण्याच्या कारणांचा कालानुक्रमे शोध घेणे.
२. दोषनिवारणासाठी वापरल्या जाणाऱ्या बूट पॅरामीटरांमागील ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३. दोषनिवारणाच्या पद्धतीचे चिकित्सक विवेचन करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. या विषयाच्या अभ्यासकाला एक विशेष अनुकूलता लाभली आहे. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, मूळ संहिता सर्वांना खुली आहे. इ.स. २००५ पासून तिच्यातील प्रत्येक बदल कोणी, कधी व कोणत्या कारणासाठी केला याची नोंद 'गिट' या व्यवस्थेत जतन झालेली आहे. इतिहासाच्या परिभाषेत बोलायचे तर हे एक अस्सल साधनांचे दफ्तर होय. त्याला जाहीर तांत्रिक मानके आणि न्यायालयीन कागदपत्रे यांची जोड मिळते.

१. मेजावरील संगणक आणि लॅपटॉप यांतील भेद

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत कंपनीने बायोसची, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या आज्ञावलीची, संपूर्ण यादी छापली होती. या संगणकाचे सुटे भाग इतर उत्पादकही बनवू लागले आणि कॉम्पॅक, फिनिक्स यांसारख्या कंपन्यांनी मूळ संहिता न उचलता तिच्याशी सुसंगत असे बायोस स्वतंत्रपणे लिहिले. मेजावरील संगणक हा अशा रीतीने सुट्या व परस्परांना ओळखणाऱ्या भागांचा समूह बनला.

लॅपटॉपची घडण वेगळी आहे. त्यात बॅटरी असते, झाकण उघडमीट होते, पंख्याचा वेग तापमानानुसार बदलावा लागतो, पडद्याचा उजेड कमीजास्त करावा लागतो. या गोष्टींवर देखरेख करण्यासाठी मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक बसविलेला असतो व त्याची आज्ञावली उत्पादकाची स्वतःची असते. प्रत्येक मॉडेलमध्ये ही जुळणी निराळी असते. उत्पादक यंत्राची चाचणी ज्या कार्यप्रणालीसह ते विकायचे असते तिच्यावर घेतो. ती प्रणाली बहुतांशी विंडोजच होती. विंडोजवर यंत्र नीट चालले की काम पूर्ण झाले, अशी ही व्यावहारिक रीत होती. पुढील सर्व इतिहासाचे मूळ या रीतीत आहे.

२. चाचपणीचे पर्व

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली. ही प्रणाली बहुधा आपल्याजवळ असलेल्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर चालणार नाही, असे त्याने त्यात प्रांजळपणे नमूद केले होते. एका व्यक्तीच्या मेजावरील एका यंत्रासाठी लिहिलेली संहिता जगभरच्या यंत्रांवर चालविण्याचा प्रयत्न लगेचच सुरू झाला.

त्या काळातील संगणकांत 'आयसा' पद्धतीची जोडणी होती. या जोडणीवरील कार्ड स्वतःची ओळख सांगत नसे. कोणते कार्ड कोणत्या पत्त्यावर बसले आहे हे समजण्यासाठी कर्नेलला एकेका पत्त्यावर जाऊन चाचपणी करावी लागे. अंधाऱ्या खोलीत हाताने भिंत चाचपत दिव्याचे बटण शोधावे, तसा हा प्रकार होता. नेटवर्क कार्ड शोधण्यासाठी केलेली चाचपणी चुकून दुसऱ्याच उपकरणाच्या पत्त्यावर पडली, तर ते उपकरण गोंधळून जाई व अनेकदा संपूर्ण यंत्र थांबे. यावर उपाय म्हणून 'रिझर्व्ह=' हे बूट पॅरामीटर अस्तित्वात आले. बूट पॅरामीटर म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नेलला दिलेली लेखी सूचना. 'अमुक पत्त्यांना हात लावू नये' एवढाच या सूचनेचा अर्थ होता.

लॅपटॉपमध्ये हीच अडचण पीसीएमसीआयए कार्डांच्या निमित्ताने आली. कार्डाच्या खाचेसाठी मोकळे पत्ते शोधताना यंत्र गोठत असे आणि वापरकर्त्याला एका संरचना-फाइलमध्ये काही पत्ते वगळावे लागत. पुढे १९९२ मध्ये आलेल्या 'पीसीआय' या मानकानुसार प्रत्येक उपकरणात उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक नोंदविणे आवश्यक झाले. उपकरणे स्वतःची ओळख सांगू लागली आणि हे पर्व हळूहळू मागे पडले. उपकरणाने माहिती दिली की चाचपणीची गरज उरत नाही व चाचपणी थांबली की गोठणेही थांबते, हा या पर्वाचा धडा होय.

३. वीज-व्यवस्थापन आणि अदृश्य संहिता

इ.स. १९९० मध्ये आलेल्या इंटेलच्या ३८६एसएल या लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरमध्ये एक नवी सोय होती. कार्यप्रणालीला कळू न देता तिचे काम क्षणभर थांबवून उत्पादकाची संहिता चालविता येईल, अशी ही अवस्था होती. बॅटरी वाचविण्यासाठी तिचा उपयोग होता; परंतु तिच्यामुळे यंत्रात असा एक भाग निर्माण झाला की जो कार्यप्रणाली लिहिणाऱ्याला दिसतच नाही.

इ.स. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी 'एपीएम' हे वीज-व्यवस्थापनाचे मानक तयार केले. त्यात निर्णय बायोसने घ्यायचा व कार्यप्रणालीने त्याला विचारायचे, अशी व्यवस्था होती. बायोसमध्ये चूक असल्यास कार्यप्रणाली तिच्यात अडकून पडे. याचे पुरावे कर्नेलसोबतच्या मदत-टिपणांत आढळतात. यंत्र सुरू होताना थांबत असेल तर अमुक पर्याय बंद करावा, असे सांगून तेथे एनईसी व तोशिबा यांच्या विशिष्ट मॉडेलांची नावे दिलेली आहेत. एखाद्या गावच्या विहिरीत कोणाचा तरी पाय घसरावा आणि पुढच्यासाठी तेथे दगडावर खूण करून ठेवावी, तशा या नोंदी आहेत. त्यांपैकी प्रत्येक नोंदीमागे कोणाचा तरी बंद पडलेला लॅपटॉप आहे.

४. एसीपीआय आणि सदोष कोष्टके

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे नवे मानक प्रसिद्ध केले. यात व्यवस्था उलट करण्यात आली. निर्णय आता कार्यप्रणालीने घ्यायचा आणि बायोसने तिला यंत्राचे वर्णन करणारी कोष्टके पुरवायची. या कोष्टकांत केवळ माहिती नव्हती, तर छोटे कार्यक्रमही होते. बॅटरी किती उरली, पंखा कसा फिरवावा, कोणत्या उपकरणाचा इंटरप्ट कोणत्या मार्गाने येतो, हे सांगणारी संहिता उत्पादक लिहिणार व ती कार्यप्रणालीने आपल्या गाभ्यात चालवायची, असे त्याचे स्वरूप होते.

मानक सर्वांसाठी प्रसिद्ध होते. परंतु कोष्टके मानकानुसार लिहिली गेली आहेत काय, याची खातरजमा करणारे कोणी नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या संकलकाने स्वीकारलेली संहिता इंटेलच्या अधिक काटेकोर संकलकाने सदोष ठरवावी, असे वारंवार घडले. विंडोज त्या चुका सहन करीत असे; लिनक्स मात्र मानकावर विसंबून चालत असे आणि म्हणून थांबत असे. नियम पाळणारा अडकावा आणि नियमाकडे काणाडोळा करणारा पुढे जावा, अशी ही विपरीत स्थिती होती.

यंत्र नेमके का थांबते, हे एका उदाहरणावरून समजेल. डिस्कमधून माहिती वाचून झाली की डिस्क प्रोसेसरला इंटरप्ट पाठविते, म्हणजे 'काम झाले' अशी वर्दी देते. ही वर्दी कोणत्या मार्गाने येणार हे कोष्टकात लिहिलेले असते. कोष्टकातील मार्ग चुकीचा असेल तर वर्दी कर्नेलपर्यंत पोहोचत नाही आणि कर्नेल तिची वाट पाहत राहतो. पाहणाऱ्याला यंत्र गोठलेले दिसते. प्रत्यक्षात ते चुकीच्या दारावर थांबलेल्या टपालाची वाट पाहत असते. 'नोएपिक' हे पॅरामीटर नव्या इंटरप्ट-नियंत्रकाऐवजी जुन्या पद्धतीकडे परत जाण्यास सांगते, तर 'एसीपीआय=ऑफ' हे पॅरामीटर कोष्टकेच बाजूला ठेवण्यास सांगते.

हा दुसरा उपाय २००० नंतरच्या दशकात अत्यंत लोकप्रिय होता. त्याने यंत्र सुरू होई, परंतु लॅपटॉपचे लॅपटॉपपणच जाई. बॅटरीचा अंदाज कळत नसे, पंख्याचे नियंत्रण बिघडे, बंद करण्याची आज्ञा देऊनही यंत्र पूर्ण बंद होत नसे. पुढील काळातील यंत्रांत तर प्रोसेसरचे सर्व गाभे ओळखण्यासाठीही याच कोष्टकांची गरज भासू लागली. म्हणून हा उपाय निदानासाठी योग्य, परंतु कायमचा इलाज म्हणून अयोग्य ठरतो.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नेलच्या २.६ या आवृत्तीत एसीपीआयचा आधार अधिक व्यापक झाला. या काळात कर्नेलकर्त्यांनी दोन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग सदोष यंत्रांची यादी ठेवण्याचा होता. ठरावीक वर्षापूर्वीचा बायोस असल्यास एसीपीआय आपोआप बंद ठेवण्याची सोयही कर्नेलमध्ये होती व तिच्या मदत-टिपणात २००१ हे वर्ष उदाहरणादाखल दिलेले होते. दुसरा मार्ग सहनशीलतेचा होता. विंडोज ज्या चुका चालवून घेते त्या लिनक्सनेही चालवून घ्याव्यात, असे धोरण स्वीकारण्यात आले. आज काटेकोर वागणूक हवी असल्यास 'एसीपीआय=स्ट्रिक्ट' असे मुद्दाम लिहावे लागते. काटेकोरपणा अपवाद ठरला आणि सहनशीलता नियम, हे या पर्वाचे फलित होय.

५. ओळखीचा प्रश्न

एसीपीआयच्या संहितेला कार्यप्रणालीला तिची ओळख विचारता येते. या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास उद्बोधक आहे. जुन्या प्रश्नाला लिनक्स 'मायक्रोसॉफ्ट विंडोज एनटी' असे उत्तर देते. यामागे फसवणुकीचा हेतू नाही. वेगळे उत्तर दिल्यास बायोसमधील असा मार्ग निवडला जाण्याची शक्यता असते की ज्याची चाचणी कोणीही कधीही घेतलेली नाही. चाचणी झालेला मार्ग एकच आणि तो विंडोजचा. सुखरूप जायचे तर त्याच वाटेने जाणे भाग होते.

नव्या पद्धतीच्या प्रश्नात 'तू लिनक्स आहेस काय?' असेही विचारता येई आणि सुरुवातीस लिनक्स त्याला प्रामाणिक होकार देत असे. परंतु 'लिनक्स' ही एकच ठरीव वस्तू नव्हे. तिच्या आवृत्त्या सतत बदलतात व वितरणे अनेक आहेत. एखाद्या उत्पादकाने एका वर्षीच्या लिनक्सची उणीव गृहीत धरून बायोसमध्ये तडजोड केली, तर ती उणीव दूर झाल्यावर तीच तडजोड दोष बनत असे. अखेर २००७ मध्ये आलेल्या २.६.२३ या आवृत्तीपासून या प्रश्नाला होकार देणे बंद करण्यात आले. स्वतःचे नाव सांगितल्याने अडचण वाढते, म्हणून नाव न सांगण्याचा निर्णय एका प्रणालीला घ्यावा लागला, ही घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात विचार करण्याजोगी आहे.

याच संदर्भात एक कागद महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या व २००७ मध्ये तडजोडीने मिटलेल्या 'कोम्स' खटल्यात बिल गेट्स यांचे २४ जानेवारी १९९९ रोजीचे एक अंतर्गत ई-पत्र पुराव्यादाखल आले. एसीपीआयचे काम आपण व आपल्या भागीदारांनी करावे आणि त्याचा लाभ लिनक्सला आयता मिळावा, याविषयीची नाराजी त्यात व्यक्त झाली आहे, तसेच हे विस्तार विंडोजपुरते मर्यादित करता येतील काय, असा विचारही मांडला आहे. या पत्राचा अर्थ लावताना संयम आवश्यक आहे. ही सूचना मानकात उतरली असे म्हणण्यास आधार नाही. मानक खुलेच राहिले आणि २०१३ मध्ये ते यूईएफआय फोरम या संस्थेकडे सोपविण्यात आले. बायोसमधील बहुसंख्य चुका कटाऐवजी घाई व अपुरी चाचणी यांतून आल्या असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तथापि यंत्राची माहिती ही व्यापारी स्पर्धेतील एक शक्ती आहे, याची जाणीव संबंधितांना होती, एवढे हे पत्र निश्चितपणे सिद्ध करते.

६. पडद्याचा ताबा

मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून इंटेलच्या ग्राफिक्स उपकरणांचे नियंत्रण कर्नेलने स्वतःकडे घेतले. त्यापूर्वी हे काम कर्नेलबाहेरील कार्यक्रम करीत असे. या बदलामुळे पडदा स्थिर झाला, परंतु गोठण्याची जागा बदलली. आता यंत्र सुरू होतानाच, अगदी आरंभी, पडदा काळा होऊन सारे थांबू लागले. 'नोमोडसेट' हे पॅरामीटर या काळाचे अपत्य होय. पडद्याचा ताबा घेऊ नये व बायोसने दिलेल्या साध्या चित्रावरच काम भागवावे, असा त्याचा आशय आहे.

येथेही मूळ प्रश्न माहितीचाच होता. एएमडी कंपनीने सप्टेंबर २००७ पासून आपल्या ग्राफिक्स उपकरणांची तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला व इंटेलनेही तशीच पावले उचलली. एनव्हिडियाच्या उपकरणांसाठी मात्र 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांना उपकरणाच्या वर्तनाचे निरीक्षण करून लिहावा लागला. तो फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याच सुमारास दोन ग्राफिक्स प्रोसेसर असलेले लॅपटॉप बाजारात आले. त्यांतील दुसरा प्रोसेसर चालू-बंद करण्याचे काम पुन्हा एसीपीआयच्या संहितेकडेच आले आणि जुनी दुखणी नव्या ठिकाणी उद्भवली. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेलशी जोडणाऱ्या आपल्या संहितेचा भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. नूवोच्या समावेशानंतर सुमारे बारा वर्षांनी उचललेले हे पाऊल होते.

७. यूईएफआयचे पर्व

जुन्या बायोसची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली. तिच्यासाठीचा फोरम २००५ मध्ये स्थापन झाला आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ सोबत ती लॅपटॉपवर सर्वत्र पसरली. जानेवारी २०१३ मध्ये एक गंभीर प्रकार उघडकीस आला. सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू केल्यावर कायमचे निकामी होत असल्याचे दिसून आले. प्रथमदर्शनी ठपका लिनक्सवर आला. परंतु पुढच्याच महिन्यात मॅथ्यू गॅरेट या कर्नेलकर्त्याने विंडोजमधूनही तसाच परिणाम घडविता येतो, हे दाखवून दिले. यूईएफआयच्या साठवणीत नोंदी वाढल्या की यंत्र पुन्हा सुरू होत नसे, हा दोष फर्मवेअरचा होता. लिनक्स ज्या वाटेने गेले तिच्यावर आधी कोणी चालले नव्हते, इतकेच.

गोठणे केवळ प्रस्थापनेपुरते मर्यादित नाही, हे इंटेलच्या 'बे ट्रेल' प्रोसेसरांच्या प्रकरणावरून दिसते. स्वस्त लॅपटॉपमध्ये वापरलेल्या या प्रोसेसरांवर प्रस्थापना सुखरूप होई, परंतु यंत्र कधीही अचानक थांबे. कर्नेलच्या दोष-नोंदवहीत १०९०५१ या क्रमांकाखाली ही तक्रार २०१५ मध्ये नोंदविली गेली व तिच्यावर दीर्घकाळ चर्चा चालली. प्रोसेसरला खोल विश्रांतीच्या अवस्थेत जाऊ न देणे हा तात्पुरता उपाय होता. त्याने यंत्र स्थिर होई, पण बॅटरी लवकर संपे. वापरकर्त्याला दोनपैकी एक निवडावे लागले.

८. दोषनिवारणाची पद्धती

वरील इतिहासातून दोषनिवारणाची एक पद्धती घडत गेली. इतिहासाच्या अभ्यासकास ती अपरिचित वाटणार नाही, कारण ती मूलतः साधन-चिकित्सेची पद्धती आहे.

पहिली पायरी म्हणजे साक्षीदारास बोलू देणे. अनेक वितरणांत यंत्र सुरू होताना सुंदर चित्र दाखवून कर्नेलचे संदेश झाकले जातात. 'क्वाएट' व 'स्प्लॅश' हे शब्द सुरुवातीच्या आज्ञेतून काढून टाकले की संदेश दिसू लागतात. दुसरी पायरी यंत्र पूर्ण थांबले आहे की केवळ पडदा, हे ठरविण्याची. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नेल जिवंत आहे व दोष पडद्याचा असण्याचा संभव अधिक. दिवा आपोआप उघडझाप करीत असेल तर कर्नेलने स्वतःच गंभीर चूक जाहीर करून काम थांबविले आहे. दिवा निश्चल असेल तर इंटरप्ट किंवा फर्मवेअर यांकडे संशय वळतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. पडद्यावरील शेवटची ओळ ही अपराध्याचे नाव नव्हे. ती पूर्ण झालेल्या अखेरच्या कामाची नोंद असते; यंत्र त्यानंतरच्या, अद्याप नोंद न झालेल्या कामात अडकलेले असते. शेवटच्या ओळीतील शब्द घेऊन उपाय शोधणारा वापरकर्ता म्हणूनच अनेकदा चुकीच्या दिशेने जातो. 'इनिटकॉल_डीबग' हे पॅरामीटर दिल्यास प्रत्येक काम सुरू होण्यापूर्वी त्याचे नाव छापले जाते आणि मौनाचा अर्थ लावणे शक्य होते.

चौथी पायरी एका वेळी एकच बदल करण्याची. 'नोमोडसेट', 'नोएपिक', 'एसीपीआय=ऑफ' ही सर्व पॅरामीटरे एकदम दिल्यास यंत्र कदाचित सुरू होईल, परंतु कारण कळणार नाही. यंत्र सुरू झाल्यावर एकेक पॅरामीटर काढून पाहिले की नेमका दोष हाती लागतो. आधीची आवृत्ती चालत होती व नंतरची चालत नाही अशी स्थिती असेल, तर 'गिट'च्या साहाय्याने दोहोंमधील बदल निम्म्या-निम्म्याने तपासता येतात. एक हजार बदलांतील दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. शेवटची पायरी नोंदीची. यंत्राचे मॉडेल, बायोसची तारीख व उपयोगी पडलेले पॅरामीटर कर्नेलकर्त्यांना कळविले की ती माहिती कर्नेलच्या सूचीत समाविष्ट होऊ शकते आणि त्या मॉडेलच्या पुढील वापरकर्त्याला काहीच करावे लागत नाही.

९. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात लिनक्सचा प्रसार होण्यात 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत वितरित केलेल्या सीडींचा मोठा वाटा आहे. मुंबई व पुणे येथील लिनक्स वापरकर्ता गटांनी नवोदितांना हात दिला. पुढे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. तथापि गोठलेल्या लॅपटॉपसमोर बसलेल्याला आवश्यक असणारी माहिती प्रामुख्याने इंग्रजीतच राहिली. पॅरामीटर पाठ करून देणारे साह्य मिळते; त्यामागील कारण मराठीत सांगणारे लेखन विरळ आहे. ही उणीव महाविद्यालयीन अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष

१. लॅपटॉपवर लिनक्सची प्रस्थापना थांबण्याचे कारण बहुधा यंत्राविषयीच्या अपुऱ्या किंवा चुकीच्या माहितीत सापडते. वापरकर्त्याचे अज्ञान हे त्याचे मूळ कारण नव्हे.
२. उत्पादकांनी एकाच कार्यप्रणालीवर चाचणी घेतल्यामुळे लिखित मानकाऐवजी त्या प्रणालीचे वर्तन हेच प्रत्यक्षातील मानक बनले. लिनक्सला त्या वर्तनाचे अनुकरण करावे लागले.
३. प्रत्येक बूट पॅरामीटर हा एखाद्या ऐतिहासिक पेचाचा अवशेष आहे. 'रिझर्व्ह=', 'नोएपिक', 'एसीपीआय=ऑफ' व 'नोमोडसेट' यांतून चार निरनिराळ्या कालखंडांची साक्ष मिळते.
४. जेथे उपकरणांची माहिती खुली झाली तेथे गोठण्याचे प्रमाण घटले. पीसीआय मानक व ग्राफिक्स कागदपत्रांचे प्रकाशन ही त्याची ठळक उदाहरणे होत.
५. दोषनिवारणाची पद्धती ही पुराव्याची चिकित्सा, एकेका कारणाचे निरसन व नोंद या शिस्तीवर उभी आहे. विज्ञान व सामाजिक शास्त्रे या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना ती शिकविण्याजोगी आहे.

समारोप

इ.स. २०१२ पासून डेल व २०२० पासून लेनोव्हो यांनी आपल्या काही लॅपटॉपांसाठी लिनक्सची चाचणी अधिकृतपणे घेण्याचे धोरण जाहीर केले. उत्पादकांकडून फर्मवेअरच्या दुरुस्त्या थेट लिनक्सवर मिळण्याची व्यवस्थाही उभी राहिली. परिस्थिती निःसंशय सुधारली आहे. परंतु महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असलेला लॅपटॉप बहुधा नवा नसतो व चाचणी झालेलाही नसतो. तो पैसे मोजून घेतलेला असतो. त्याच्या आत काय चालते हे जाणण्याचा मार्ग मात्र खरेदीबरोबर मिळत नाही. पडदा एका ओळीपाशी थांबतो तेव्हा ही उणीव प्रकट होते. अशा वेळी विद्यार्थ्याला केवळ पॅरामीटर सांगून यंत्र सुरू करून देणे सोपे आहे. यंत्र का थांबले हे त्याच्यासोबत शोधणे आणि मिळालेले उत्तर इतरांसाठी नोंदवून ठेवणे हे अधिक कष्टाचे आहे. आज लिनक्स ज्या असंख्य लॅपटॉपांवर विनासायास सुरू होते, ते अशाच नोंदींच्या बळावर होते.